‘अननोन आर्टिस्ट’: रेडिओवर गाणं चढतं, पण नाव कुठं जातं?

आजची गोष्ट आहे एका रिकाम्या चौकटीची. गाणं अपलोड करताना ‘आर्टिस्ट’ नावाची जी चौकट दिसते ना, तिची. आता चौकटीला कसला आलाय इतिहास, असं वाटेल. पण आहे. सुरुवात १९४९ पासून करू.

त्या वर्षी ‘महल’ आला. मधुबाला, खेमचंद प्रकाश यांचं संगीत आणि ते झोपाळ्यावरचं गाणं. आजीला विचारा, लगेच गुणगुणेल. गाणं तुफान चाललं. पण रेकॉर्डवर गायिकेचं नाव काय छापलं होतं? ‘कामिनी’. म्हणजे पिक्चरमधल्या मधुबालाच्या पात्राचं नाव! रेडिओवाल्यांच्या हातात जी तबकडी आली, तिच्यावर जे छापलंय तेच ते सांगणार. मग श्रोत्यांची पत्रं सुरू झाली, ही कामिनी नक्की कोण? शेवटी रेडिओनं रेकॉर्ड कंपनीकडे विचारणा केली आणि खरं नाव लोकांपर्यंत पोचलं. लता मंगेशकर.

आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर हा मेटाडेटाचा बग होता, आणि तो श्रोत्यांनी रिपोर्ट केला. रेडिओत गाणं ‘आत’ येतं तेव्हा त्याच्यासोबत काय लिहून येतं, हा प्रश्न कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीचा आहे.

१९५० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टेशनांवर ‘कार्ट’ आलं. प्लास्टिकच्या डबीत टेपचं न संपणारं वेटोळं. डबी खाचेत सरकवा, बटण दाबा, वाजतं. टेपवर एक गुप्त सूर भरलेला असायचा. फिरून तो सूर आला की मशीन आपोआप थांबायचं, पुन्हा बरोबर सुरुवातीला. शोधत बसायची भानगड नाही. स्टुडिओत घाईत असलेल्या माणसाचा विचार करून बनवलेली ही चीज, म्हणून ती काही दशकं टिकली. पण आत काय आहे, हे मात्र डबीला माहीत नसायचं. ते सांगायचं वर चिकटवलेलं लेबल. लेबल निघालं की डबी मुकी.

मग एमपी३ आलं, आणि तीच अडचण नव्या रूपात. फाईलच्या आत गाण्याचं नाव ठेवायला जागाच नव्हती. १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी एक जुगाड केला. फाईलच्या शेवटी फक्त १२८ बाइटचं शेपूट जोडायचं. त्यात गाण्याचं नाव ३० बाइट, आर्टिस्ट ३०, अल्बम ३०, वर्ष ४, शेरा ३० आणि प्रकार १. उरलेले ३ बाइट ‘हे शेपूट आहे’ ही खूण. याला म्हणतात आयडी३ टॅग.

भारी डोकं होतं, यात वाद नाही. पण या चौकटींमध्ये गीतकार कुठंय? संगीतकार? चित्रपट? आपल्याकडे रेडिओवर गाण्याआधी हीच तर नावं सांगतात. आणि देवनागरीचा विचार तर नव्हताच. समजा आजचं युटीएफ-८ वापरून जबरदस्तीनं भरलं, तर प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजायचे. ‘लता मंगेशकर’ याचे होतात बरोबर ३१ बाइट. खण ३० चा! शेवटचा ‘र’ कापला गेला. पुढं १९९८ मध्ये आयडी३ची दुसरी आवृत्ती आली आणि जागा भरपूर झाली. पण चौकट मोठी झाली म्हणून ती कुणी भरेलच, असं थोडंच आहे?

२००३ मध्ये मिट्झ फ्लोर या जर्मन डेव्हलपरनं छोट्या रेडिओंसाठी फुकट सॉफ्टवेअरची कल्पना मांडली. बुडापेस्टच्या तिलोश रेडिओमधली, बेलग्रेडच्या बी९२ मधली माणसं त्यात आली. म्हणजे रोज स्टेशन चालवणारे लोक. त्यातून ‘कॅम्पकास्टर’ झालं, २०११ मध्ये ‘एअरटाइम’, आणि २०१७ मध्ये त्याचीच फांदी ‘लिब्रेटाइम’. ब्राउझर उघडा, फाईल ओढून टाका, गाणं लायब्ररीत. नाव, गायक वगैरे टॅगमधून उचललं जातं. टॅगच रिकामा असेल तर?

आता आपल्याकडे या. २००६ च्या धोरणानं भारतात कम्युनिटी रेडिओ स्वयंसेवी संस्थांनाही खुला झाला. १०० वॅटपर्यंतचा ट्रान्समीटर, आणि किमान ५० टक्के कार्यक्रम तिथल्याच लोकांच्या सहभागातून. म्हणजे या स्टेशनांवर जे गाणं चढतं, ते बऱ्याचदा इंटरनेटवर दुसरीकडे कुठंच नसतं. लताबाईंचं नाव आज कुठंही सापडेल. गावातल्या बाईचं नाव फक्त त्या एका चौकटीत.

हे मला कसं कळलं, ते सांगतो. थोडं लाजिरवाणं आहे. अशाच एका स्टेशनसाठी मी अपलोडची स्क्रीन बनवली. माझ्या मते एकदम कडक. मग तिथल्या पाच जणांसोबत टेस्टिंग केलं. पाचच का? याकोब निल्सन यांचा २००० सालचा प्रसिद्ध लेख आहे की पाच माणसं बसवली तरी साधारण ८५ टक्के अडचणी दिसतात. नियम साधा. त्यांनी मनात येईल ते मोठ्यानं बोलत काम करायचं, आपण तोंड बंद ठेवायचं. दुसरा भाग जास्त अवघड, खरं सांगतो.

पट्टी १०० टक्क्यांवर पोचायची, पण मागे सर्व्हर अजून फाईल बदलत बसलेला. यांना वाटायचं अडकलं, परत बटण. एकच गाणं तीनदा चढलं. लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. हे सगळं दोन आठवड्यांत दुरुस्त झालं.

पाचव्या होत्या एक ताई. गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करणाऱ्या. त्यांनी फाईल टाकली, ‘आर्टिस्ट’ची चौकट बघितली, थांबल्या. “चौघी गात होत्या. कुणाचं लिहू?” चौकट एकच. आणि ती मी ऐच्छिक ठेवलेली. त्यांनी सोडून दिली. यादीत आलं, ‘अननोन आर्टिस्ट’.

ताईंनी ते वाचलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “अननोन कशाला दादा? जाऊ आहे ती माझी!”

मी गप्प. यावेळी नियम म्हणून नाही.

गी प्वाटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावांमधून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात गाणारीचं नाव आणि गाव टिपलेलं आहे. हे काम मी आधी बघितलं असतं, तर माझ्या स्क्रीनवर ती चौकट पहिल्या दिवसापासून असती.

आता तिथं ‘आर्टिस्ट’ नाही, ‘कोण गायलं?’ असं विचारतो. हवी तेवढी नावं टाका. खाली ‘गाव’. नाव माहीत नसेल तर तसं स्वतः निवडावं लागतं, सिस्टीम आपल्या मनानं ‘अननोन’ लिहीत नाही. आधी चढलेल्या फायली ताई एकेक ऐकत बसल्या, आवाजावरून माणसं ओळखत. बरीच नावं भरली गेली. काही गाणाऱ्या आता नाहीत, आणि त्यांचा आवाज ओळखणारंही कुणी उरलं नाही. त्या फायली आजही तशाच आहेत.

तुमच्याही मोबाईलमध्ये आजीचं एखादं रेकॉर्डिंग असेलच, नुसतं तारखेच्या नावानं पडलेलं. एपिसोड संपला की त्याला नाव द्या. कोण गायलं, कुठलं गाव. एक मिनिट लागतं. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!