भोपळ्याच्या सांगडीपासून जीवरक्षक जाकिटापर्यंत

कोणत्याही ज्ञातीचा इतिहास जितका तिच्या कागदपत्रांत असतो, तितकाच तो तिच्या अवजारांतही असतो. आपल्या भोई समाजाच्या पूर्वजांनी ताम्रपट लिहवून घेतले नाहीत, की बखरी रचल्या नाहीत. त्यांनी मागे ठेवली ती पालखी वाहण्याची परंपरा आणि जाळे, गळ व वल्हे ही साधने. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेत समाजाच्या थोर पुरुषांविषयी न लिहिता या साध्या साधनांविषयी चार शब्द लिहावेत, असे आम्ही योजिले आहे. त्यास कारणही तसेच आहे, व ते लेखाच्या ओघात येईलच.

आपला अहिल्यानगर जिल्हा (2024 पर्यंतचा अहमदनगर) सह्याद्रीच्या अलीकडचा, घाटमाथ्यावरचा. समुद्र आपल्या वाट्यास आला नाही. कोकणातील कोळी बांधवांना भरतीओहोटीचे गणित शिकावे लागले, तर आपणांस पुराचे आणि डोहाचे. जिल्ह्याच्या उत्तरेस गोदावरी, दक्षिणेस भीमा आणि मध्ये प्रवरा व मुळा ही जोडी. मुळा प्रवरेस मिळते आणि प्रवरा टोके येथे गोदावरीत विलीन होते. त्या स्थळास आपण प्रवरासंगम म्हणतो. या नद्या पावसाळ्यात रौद्ररूप धारण करीत आणि वैशाखात त्यांचे डोह तेवढे उरत. अशा नदीवर वर्षभर मोठी नाव बाळगणे परवडणारे नव्हते. साधन हलके, स्वस्त आणि खांद्यावर नेता येईल असेच हवे होते.

त्यातून भोपळ्याची सांगड आली. वाळलेले दोन मोठे भोपळे दोरीने जोडावेत, त्यांच्या आधारावर छाती टेकावी आणि पायांनी पाणी कापीत पैलतीर गाठावा, ही रीत देशावरील नद्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पुराच्या वेळी गूळ करण्याची काहीलही नावेसारखी वापरली जाई. मोठ्या उतारांवर मात्र लाकडी होड्या असत व त्या चालविणे हा नावाडी कुटुंबांचा परंपरागत व्यवसाय असे. सिद्धटेकचा गणपती आपल्या कर्जत तालुक्यात. पूल होण्यापूर्वी दौंड तालुक्यातील शिरापूरच्या बाजूने येणारे यात्रेकरू होडीनेच भीमा ओलांडीत. अष्टविनायकांची यात्रा केलेल्या जुन्या मंडळींस ती होडी अद्याप स्मरत असेल.

आपल्या व्यवसायाचे दुसरे अंग म्हणजे पालखी व मेणा. 1878 साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि जिल्ह्याच्या मधोमध आगगाडी धावू लागली. पुढे पक्क्या सडका झाल्या, मोटारी आल्या, आणि माणसाने माणसास खांद्यावर वाहण्याचा काळ सरला. तो सरला याचे दुःख मानण्याचे कारण नाही. परंतु खांद्यावरचा दांडा गेल्यावर पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ जाळ्यावर व फुटाण्यांच्या भट्टीवर येऊन ठेपला, हेही नमूद केले पाहिजे.

यानंतरचे मोठे स्थित्यंतर धरणांनी घडविले. प्रवरेवर भंडारदरा येथील धरण 1926 साली पूर्ण झाले. स्वातंत्र्योत्तर काळात राहुरी तालुक्यात बारागाव नांदूर येथे मुळा धरण झाले, त्याचा जलाशय ज्ञानेश्वरसागर. पैठणच्या जायकवाडी धरणाचा पाया 1965 साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते घातला गेला व 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या नाथसागराचे पाणी शेवगाव व नेवासे तालुक्यांत शिरले. 1980 च्या सुमारास उजनीचे पाणी भीमेच्या बाजूने कर्जतच्या सीमेस भिडले. येणेप्रमाणे जेमतेम दोन पिढ्यांत नदीकाठचा भोई तलावकाठचा झाला.

या स्थित्यंतराचे मर्म नीट ध्यानात घेतले पाहिजे. नदीचा धोका प्रवाहात असतो आणि तो डोळ्यांस दिसतो. जलाशयाचा धोका वाऱ्यात असतो आणि तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मैलोगणती उघड्या पाण्यावरून वारा वाहू लागला, की पाव तासात अशा लाटा उठतात की त्यांपुढे सपाट तळाची लहान होडी टिकत नाही. शिवाय जलाशयाच्या तळाशी बुडालेली बाभळीची झाडे, जुन्या विहिरी व घरांच्या भिंती असतात आणि त्यांत जाळे अडकते. वाडवडिलांचे नदीचे ज्ञान खरे होते, परंतु ते या नव्या पाण्यास पुरेसे नव्हते.

साधनेही बदलली. पूर्वी सुताचे व तागाचे जाळे घरीच विणीत. ते वरचेवर वाळवावे लागे, नाही तर कुजे. नायलॉन आले आणि जाळे वर्षानुवर्षे टिकू लागले. पण त्याच टिकाऊपणामुळे तुटून पाण्यात राहिलेले जाळेही वर्षानुवर्षे मासे मारीत राहते. मासेही बदलले. मरळ, वाम, शिंगाडा हे आपले जुने सोबती. रोहू, कटला व मृगळ हे मूळचे गंगेकडील. 1957 साली कटक येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकांच्या योगाने या जातींचे प्रजनन यशस्वी करून दाखविले आणि पुढे देशभरच्या तलावांस त्यांचे बीज मिळू लागले. चिलापी तर परदेशी पाहुणा, 1952 साली भारतात आला आणि घरचाच होऊन बसला.

होडीच्या जागी मात्र अनेक ठिकाणी जे आले, ते पाहून चिंता वाटते. मोटारीच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब किंवा थर्माकोलचा तराफा, ही गरिबाची सांगडच होय. परंतु ट्यूबला बाभळीच्या काट्याने वा स्वतःच्याच गळाने छिद्र पडते. थर्माकोल तडकतो, आणि जाळे फेकण्यासाठी माणूस उभा राहिला की तराफा कलंडतो. ज्यास होडी परवडत नाही त्यास दोष देणे सोपे असते. आमचे म्हणणे एवढेच, की अशा साधनावर बसणाऱ्यास जीवरक्षक जाकीट होडीतील माणसाहूनही अधिक आवश्यक आहे.

याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी नेवासे येथे, 1290 साली श्रीज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली. तिच्या बाराव्या अध्यायात भगवंत आपल्या भक्तांस संसारसागरातून पार कसे नेतात, याचे वर्णन आहे. जे एकटे, त्यांस ध्यानाची कास दिली. जे प्रपंची, त्यांस तरीवर घेतले. आणि कोणाच्या पोटाशी प्रेमरूपी पेटी बांधून त्यास तीरास लावले. पोटाशी बांधावयाची तरंगती पेटी! सातशेहून अधिक वर्षांपूर्वी ही उपमा श्रोत्यांस समजत होती, म्हणजे नदीत उतरताना अंगाशी तरंगते साधन बांधण्याची चाल लोकांस परिचित होती. मग आज त्याच प्रवरेकाठचा तरुण जाकीट अंगात घालणे हे भित्रेपणाचे लक्षण का मानतो? ती आपलीच जुनी रीत आहे.

2024 सालचा मे महिना आपणांस विसरता येणार नाही. 21 मे रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी या मार्गावरील होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांस प्राण गमवावे लागले. त्यानंतर दोनच दिवसांनी, 23 मे रोजी, अकोले तालुक्यातील सुगाव येथे प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेण्यास गेलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची होडी उलटून तीन जवान मृत्युमुखी पडले. प्रशिक्षित जवानांसही नदी सोडीत नाही, तेथे एकट्या मच्छीमाराने किती सावध असावे, हे सांगणे नको.

म्हणून जाणत्यांच्या अनुभवातील काही नियम तरुण बांधवांसाठी येथे एकत्र करितो.

चैत्र-वैशाखात वळवाचे वारे बहुधा दुपारनंतर सुटतात. पहाटे निघावे व दुपारपूर्वी काठ गाठावा. वारा एकाएकी पडला आणि क्षितिजावर ढग चढू लागले, की जाळे तसेच ठेवून परतावे. वाऱ्यात सापडल्यास होडीचे तोंड लाटेकडे ठेवावे, सर्वांनी तळाशी बसावे, कोणीही उभे राहू नये. अशा वेळी आपल्या गावचा काठ शोधू नये. जो काठ जवळ तो आपला. पुढे चालत घरी जाता येते.

जाळ्याची दोरी कमरेस, हातास वा पायास कदापि गुंडाळू नये. धारदार सुरी हाताशी असावी. जाळे तळाशी अडकल्यास ते सोडविण्यासाठी पाण्यात उडी घेऊ नये. जाळे पुन्हा विणता येते. गळ वापरून झाल्यावर बुचात खोवून ठेवावेत, म्हणजे पायास वा ट्यूबला लागत नाहीत.

होडीत पाणी उपसण्यास डबा, एक जादा वल्हे, लांब दोर, शिट्टी, विजेरी आणि प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत बंद केलेला भ्रमणध्वनी, इतक्या वस्तू नेहमी असाव्यात. जाकीट आपल्या वजनास साजेसे घ्यावे, त्याचे सर्व पट्टे आवळावेत आणि प्रथम कमरेइतक्या पाण्यात ते तरंगविते की नाही हे पाहावे. बैठकीखाली ठेवलेले जाकीट कोणास वाचवीत नाही. पोहणे येते म्हणून ते टाळू नये. कपड्यांसह, जाळ्यात पाय अडकलेला पोहणाराही बुडतो. होडी उलटली तर ती तरंगते आहे तोवर तिला धरून राहावे, दूरच्या काठाकडे पोहत सुटू नये.

धरणाखालील नदीपात्रात उतरण्यापूर्वी आवर्तन सुटणार आहे काय, याची चौकशी करावी. बंधाऱ्यावरून पाणी पडत असता त्याच्या पायथ्याशी होडी नेऊ नये. तेथील उलटे फिरणारे पाणी होडीस आत ओढते व सोडीत नाही.

शेवटी एक नियम माशांच्या बाजूने. पावसाच्या आरंभी मासे अंडी घालण्यास चढतात, त्या दिवसांत जाळे आवरावे. मरळीची जोडी पिलांच्या थव्यावर पहारा देते, त्या वेळी तिला मारणे म्हणजे शेकडो पिलांस उघड्यावर टाकणे होय. बारीक डोळ्यांचे जाळे आजचे पोट भरते आणि उद्याचे रिकामे करते.

आता समाजापुढे एक नम्र सूचना. आपल्या वार्षिक मेळाव्यात शाल व श्रीफळ देऊन पुष्कळ सत्कार होतात. ते व्हावेतच. परंतु पुढील वर्षापासून निम्म्या शालींच्या खर्चात जीवरक्षक जाकिटे घेऊन ती पाण्यावर जाणाऱ्या कुटुंबांस द्यावीत. आपला हा जिल्हा सहकाराची भूमी; 1950 साली प्रवरानगरचा साखर कारखाना येथेच उभा राहिला. आपल्या मच्छीमार सहकारी संस्थांनीही जलाशयाच्या ठेक्याचा हिशेब मांडताना जाळे, बीज व बर्फ यांच्या बरोबरीने जाकिटाचा खर्च धरावा. तसेच प्रत्येक गावातील एखाद्या विद्यार्थ्याने वृद्धांपाशी बसून जाळ्यांची, गाठींची व वाऱ्यांची जुनी नावे वहीत उतरून घ्यावीत. ती नावे आजवर कोणी लिहिलेली नाहीत, आणि सांगणारे दरवर्षी कमी होत आहेत.

आपल्या पूर्वजांनी परक्यांस खांद्यावरून व होडीतून सुखरूप पोहोचविले. ज्यांनी इतरांस पार नेले, त्यांच्या लेकरांनी स्वतःच्याच पाण्यात बुडावे, हे आपणांस शोभत नाही. प्रत्येक माऊलीने होडीवर निघालेल्या मुलास भाकरी बांधून देताना जाकिटाचे पट्टे आपल्या हाताने आवळावेत, इतकेच मागणे करून हा लेख पुरा करितो.