रॉकेटच्या टाकीतून निघालेला चुंबकीय द्रव

वजनरहित अवस्थेत टाकीतलं इंधन तळाशी बसत नाही, मग ते पंपाच्या तोंडाशी आणायचं कसं? नासाच्या क्लीव्हलँड इथल्या लुईस संशोधन केंद्रात १९६३ च्या सुमारास स्टीव्ह पॅपेल यांनी यावर धाडसी तोड काढली: इंधनच चुंबकाकडे ओढलं जाईल असं करायचं. मॅग्नेटाइटची पूड, केरोसीन आणि ओलेइक आम्ल बॉल मिलमध्ये घालून त्यांनी पोलादी गोळ्यांखाली दिवसच्या दिवस दळलं. असे कण मिलिमीटरच्या साधारण लाखाव्या भागाइतके बारीक असतात. प्रत्येकावर ओलेइक आम्लाचं वेष्टन असल्याने ते एकमेकांना चिकटत नाहीत, खाली गाळही धरत नाहीत. १९६५ मध्ये पेटंट मिळालं.

पुढची घडी बसवली रोनाल्ड रोझेन्स्वाइग यांनी. खालून चुंबक आणला की या काळ्या द्रवावर उभे राहणारे काटे अनेकांनी पाहिले असतील. पृष्ठभागाच्या त्या अस्थिरतेचं गणित त्यांनी काउली यांच्यासह १९६७ मध्ये मांडलं.

मला मात्र या द्रवाच्या तापवलेल्या थराची गोष्ट अधिक मोलाची वाटते. साधा द्रव खालून तापवला तर तळचा भाग हलका होतो, पण लगेच वर येत नाही. स्निग्धता आणि उष्णतेचं वहन त्याला धरून ठेवतात. तळ आणि माथ्याच्या तापमानातला फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की मगच थर ढळतो आणि अभिसरण सुरू होतं. ही मर्यादा रॅले यांनी १९१६ मध्ये काढली होती.

ब्रूस फिनलेसन यांनी १९७० मध्ये हाच प्रश्न चुंबकीय द्रवाला विचारला. तापल्यावर या द्रवाचं चुंबकन घटतं. त्यामुळे बाहेरून उभं, एकसारखं चुंबकीय क्षेत्र लावलं तरी थराच्या आत ते एकसारखं राहत नाही: गरम तळाशी तीव्र, थंड माथ्याशी क्षीण. म्हणजे जास्त चुंबकलेला थंड द्रव वर अडकलेला, आणि त्याला ओढणारं तीव्र क्षेत्र खाली. ही ओढ गुरुत्वाकर्षणाच्या जोडीला येते आणि थर लवकर ढळतो. म्युनिकमध्ये श्वाब, हिल्डेब्रांट आणि स्टिअरस्टाट यांनी १९८३ मध्ये प्रयोगाने हे पडताळलं.

थर जितका पातळ, तितका गुरुत्वाकर्षणापेक्षा चुंबकीय ओढीचा वाटा मोठा. आणि जिथे वजनच नाही, तिथेही केवळ या ओढीवर अभिसरण सुरू होऊ शकतं.