तावडूचे संग्रहालय आणि कुर्ल्याची फियाट

गावाकडून पाहुणे आले की आपण दिल्लीकर मराठी मंडळी त्यांना लाल किल्ला, कुतुबमिनार दाखवतो. एखादे वर्षी जयपूर महामार्गावर बिलासपूरहून तावडूकडे वळावे. तेथील हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम २०१३ साली सुरू झाले. बैलगाडी-पालखीपासून जुन्या मोटारींपर्यंत भारताचा प्रवास तेथे चार मजल्यांवर मांडला आहे.

परदेशी बनावटीच्या मोटारी पाहताना मनात येते, आपल्या देशात मोटार कोणी घडवली? बिर्लांनी १९४२ साली हिंदुस्तान मोटर्स काढली, तर सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. वालचंदांचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला. १९५३ साली ते गेले; पण तिथलीच फियाट पुढे 'पद्मिनी' झाली आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सीही. २००३ साली नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

राजेरजवाड्यांच्या मोटारी जपल्या जातात. वडिलांनी नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून घेतलेली फियाट मात्र भंगारात जाते. तिचे कागद, फोटो घरी असतील तर जपून ठेवा. तोही आपलाच इतिहास आहे.