डच शेतकऱ्यांची आयोवातील घराणी

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील आयोवा राज्यात पेला नावाचे एक लहान शहर आहे. हॉलंडहून आलेल्या सुमारे ८०० शेतकऱ्यांनी व कारागिरांनी ते १८४७ साली वसविले. १८३४ मध्ये राजमान्य चर्चपासून ते वेगळे झाले, आणि त्यापायी दंड व तुरुंगवास त्यांच्या वाट्याला आला. १८४५ पासून बटाट्याचे पीकही रोगाने बुडू लागले. अखेर हेन्ड्रिक स्कोल्टे या धर्मोपदेशकामागून त्यांनी समुद्र ओलांडला.

सरकारी जमीन एकरी सव्वा डॉलरने मिळाली. पहिला हिवाळा अनेकांनी गवताने शाकारलेल्या मातीच्या खोपटांत काढला. पुढे कुटुंबे वाढली, जमिनीचे भाव चढले. तेव्हा १८७० मध्ये तरुण पिढीने राज्याच्या वायव्येस ऑरेंज सिटी हे नवे गाव वसविले. तेथे १८७३ पासून काही वर्षे टोळधाडीने उभी पिके फस्त केली. तरी बहुतेकांनी जमीन सोडली नाही.

घाव बसला तो भाषेवर. महायुद्धाच्या काळात, मे १९१८ मध्ये, राज्यपाल विल्यम हार्डिंग यांनी शाळा, आगगाडी, दूरध्वनी, इतकेच नव्हे तर सार्वजनिक उपासना यांतही इंग्रजीवाचून अन्य भाषेस बंदी केली. डिसेंबरात ती उठली. पण मुलांच्या तोंडची डच हळूहळू मावळत गेली.

या घराण्यांतील जन्ममृत्यूच्या नोंदी जुन्या बायबलच्या कोऱ्या पानांवर असत. आज पणतवंडांना त्यांतील नावे आणि सन तेवढे वाचता येतात. उरलेला मजकूर दुसऱ्याकडून समजून घ्यावा लागतो. श्रोतेहो, जमीन वारशाने मिळते. भाषा मात्र प्रत्येक पिढीला नव्याने पेरावी लागते.