२१४७४८३६४७: डेटाबेसमध्ये वारंवार भेटणारी मूळसंख्या

काही वर्षांपूर्वी एका छोट्या दुकानाचा डेटाबेस माझ्याकडे दुरुस्तीला आला. बघतो तर काय, सगळ्या ग्राहकांचा मोबाइल नंबर एकच: २१४७४८३६४७! कॉलमचा प्रकार 'इंट' होता आणि मायएसक्यूएलचा स्ट्रिक्ट मोड बंद. आपले मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे सगळेच या संख्येपेक्षा मोठे. डेटाबेसने मुकाट्याने प्रत्येक नंबराच्या जागी आपली कमाल मर्यादा लिहून टाकली. खरे नंबर गेले ते गेलेच.

ही मर्यादा येते कुठून? ३२ बिटांपैकी एक बिट धन-ऋण चिन्हाला जातो, उरतात ३१. त्यांत मावणारी सर्वांत मोठी संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १, अर्थात २ अब्ज १४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. बायनरीत लिहिली तर सलग ३१ वेळा १. त्यात आणखी १ मिळवला की हातचा चिन्हाच्या बिटात जातो आणि उत्तर बहुधा उणे २१४७४८३६४८ येतं.

गंमत म्हणजे गणितात ही संख्या संगणकाच्या कितीतरी आधीपासून प्रसिद्ध आहे. ती मूळसंख्या असल्याचं लिओनार्ड ऑयलरने १७७२ मध्ये जाहीर केलं. तिचं वर्गमूळ साधारण ४६,३४१. तिथपर्यंतच्या प्रत्येक मूळसंख्येने भागून पाहायचं तर सुमारे ४,८०० भागाकार, तेही हाताने! पण ३१ ही स्वतः मूळसंख्या असल्यामुळे इथे एक चाळणी लागते. जी मूळसंख्या हिला भागेल, तिला ६२ ने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे. शिवाय ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ हवी. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ बाकी उरणारेच उमेदवार राहतात. पहिला ३११, त्यानंतर थेट १३०३. असे सगळे मिळून ऐंशीच्या आसपास. एकानेही भाग जात नाही.

मग मूळसंख्या म्हणून ही मर्यादा निवडली का? अजिबात नाही, तो निव्वळ योगायोग. १६ बिटांची मर्यादा ३२७६७ घ्या: ७ × ३१ × १५१. ६४ बिटांच्या मर्यादेलाही ७ ने भाग जातो.

युनिक्सचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतं. ३२ बिटांच्या सिस्टिममध्ये ते भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी याच संख्येवर पोचेल आणि पुढच्या सेकंदाला डिसेंबर १९०१ दाखवेल. ६४ बिटांवर गेलेल्यांना काळजी नाही. प्रश्न आहे तो कुणी हात न लावलेल्या जुन्या यंत्रांचा.

तुमच्या टेबलात मोबाइल नंबर 'इंट'मध्ये असेल तर आजच 'व्हारचार' करा. त्या दुकानदाराला मात्र जुनी बिलबुकं काढून सगळे नंबर पुन्हा टाइप करावे लागले.