लाखावर अडणारी आर

२०११च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ भरली. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत हा आकडा टंकला, तर सगळे अंक नीट उमटतात. ढोबळमानाने वीस लाख टंकले, की मात्र पडद्यावर येते २ई+०६. एक लाखाचे होते १ई+०५! मोंढ्यातल्या आडत्याला असा तक्ता दाखवून पाहावा.

‘ई’ म्हणजे दहाचा घात. अवाढव्य संख्या आटोपशीर मांडायची गरज जुनीच. भास्कराचार्यांच्या ११५०च्या ‘लीलावती’त एकंपासून परार्धापर्यंत, म्हणजे दहाच्या सतराव्या घातापर्यंत, दर स्थानाचे नाव दिलेले आहे. युरोपात देकार्तने १६३७ मध्ये घातांक अक्षराच्या डोक्यावर बसवला. पण १९५७ मध्ये आयबीएमने फोरट्रान आणली, तेव्हाच्या छिद्रपत्रांना आणि छपाईयंत्रांना एका ओळीतलीच अक्षरे जमत. वर चढलेला अंक खाली उतरला आणि त्याच्या आधी ‘ई’ उभा राहिला. पुढे १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये ‘एस’ भाषा घडू लागली. तिच्या धर्तीवर ऑकलंडच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी आर रचली. या साऱ्या प्रवासात ‘ई’ टिकून राहिला.

आरचा हिशेब चिक्कू. ज्या रूपाला कमी जागा लागते, ते छापायचे. दहा हजाराला दोन्हीकडे पाचच जागा लागतात, म्हणून तो साधा राहतो; लाखाला सहा लागतात आणि ‘ई’ जिंकतो. शिवाय अख्ख्या स्तंभाला एकच रूप मिळते. त्यामुळे एखादा बारीकसा अपूर्णांक शेजारच्या सगळ्या आकड्यांना ‘ई’ लावून ठेवतो. आरमधल्या ‘सायपेन’ या पर्यायाचे मूल्य वाढवले की हा ओढा थांबतो. स्वल्पविराम मागितला, तर तो दर तीन अंकांनी पडतो: १,९५९,०४६. लाखाच्या जागी हवा असेल, तर वेगळी आज्ञावली लिहावी लागते.

तरीही जालन्यात ‘ई’ परका नाही. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि शहर बियाण्यांसाठी ओळखले जाऊ लागले. वाणांची तुलना करताना ०.००००००३ असे पी-मूल्य (फरक निव्वळ योगायोगाचा तर नाही, हे जोखणारा आकडा) आले, तर शून्ये मोजत बसण्यापेक्षा ३ई-०७ बरे. मात्र आर ‘२.२ई-१६ पेक्षा कमी’ असे छापते, तेव्हा ते शेतातले मोजमाप नसते. संगणकाच्या अंकगणिताची अचूकता तिथवरच पोहोचते, एवढाच त्याचा अर्थ.

बियाणे-संशोधकाच्या तक्त्यात ‘ई’ खुशाल असावा. जिल्हा परिषदेच्या अहवालात मात्र लाख लाखासारखाच छापावा, स्वल्पविरामासकट.