अत्तराचा गंधक्रम

अत्तराचा गंधक्रम म्हणजे अत्तर त्वचेवर लावल्यापासून पूर्णपणे विरून जाईपर्यंत त्याच्या गंधात टप्प्याटप्प्याने होणारा बदल होय. अत्तर हे निरनिराळ्या वेगाने उडून जाणाऱ्या अनेक द्रव्यांचे मिश्रण असते. त्यांपैकी हलकी द्रव्ये लवकर उडतात आणि जड द्रव्ये मागे राहतात. त्यामुळे सकाळी लावलेल्या अत्तराचा सायंकाळचा गंध मूळ गंधापेक्षा केवळ मंदच नव्हे, तर वेगळाही असतो. हिना किंवा शमामा यांसारख्या बहुघटकी अत्तरांत हा बदल विशेष स्पष्टपणे जाणवतो. कुपीच्या तोंडाशी येणारा वास हा या क्रमाचा आरंभ असल्यामुळे केवळ त्यावरून अत्तराची पारख करता येत नाही.

भारतीय गंधशास्त्राच्या इतिहासाच्या आधुनिक अभ्यासात रत्नागिरी जिल्ह्यातील देवरूख येथे जन्मलेले प्राच्यविद्यासंशोधक परशुराम कृष्ण गोडे यांचे कार्य महत्त्वाचे मानले जाते.

गंधाचे टप्पे

गंधद्रव्यांची विभागणी साधारणपणे तीन टप्प्यांत केली जाते.

शीर्षगंध: अत्तर लावताच जाणवणारा आणि काही मिनिटांपासून सुमारे अर्ध्या तासापर्यंत टिकणारा गंध. लिंबू व संत्र्याच्या सालीतील लिमोनीन, वेलदोड्यातील सिनिओल आणि कापूर ही यांतील प्रमुख द्रव्ये होत.

मध्यगंध: शीर्षगंध ओसरल्यावर पुढे येणारा आणि काही तास टिकणारा गंध. गुलाब, मोगरा, चाफा या फुलांचे तसेच लवंग, जायफळ यांसारख्या मसाल्यांचे बहुतेक घटक या गटात येतात.

आधारगंध: सर्वांत शेवटी उरणारा गंध. चंदन, खस, अगरू, पाच, जटामांसी, दगडफूल आणि कस्तुरीसदृश द्रव्ये यांचा यात समावेश होतो. त्वचेवर हा गंध अनेक तास, तर कापडावर कित्येक दिवस राहू शकतो.

हे टप्पे एकमेकांपासून काटेकोरपणे वेगळे नसतात. आधारगंधाची द्रव्ये प्रारंभापासूनच उपस्थित असतात. तीव्र शीर्षगंधामुळे ती झाकली गेलेली असतात. ब्रिटिश सुगंधतज्ज्ञ विल्यम पाउचर यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात तीनशेहून अधिक गंधद्रव्यांना त्यांच्या टिकाऊपणानुसार १ ते १०० असे क्रमांक दिले. त्यात १ ते १४ क्रमांकांची द्रव्ये शीर्षगंधात, १५ ते ६० क्रमांकांची मध्यगंधात आणि ६१ ते १०० क्रमांकांची आधारगंधात येतात. चंदन व पाच यांना त्यांनी १०० हा क्रमांक दिला. हे मापन कागदी गंधपट्टीवरचे असल्यामुळे त्वचेवरील प्रत्यक्ष कालावधी त्यापेक्षा बराच कमी असतो.

बदलाची कारणे

बाष्पीभवन

गंध जाणवण्यासाठी द्रव्याचे रेणू हवेत मिसळून नाकापर्यंत पोहोचावे लागतात. लहान रेणूंचा बाष्पदाब सामान्यतः जास्त असल्यामुळे ते लवकर उडतात. लिमोनीनचा रेणुभार १३६ व उत्कलनबिंदू सुमारे १७६° से. आहे. लव्हेंडर व मोगऱ्यात आढळणाऱ्या लिनॅलूलचा रेणुभार १५४ व उत्कलनबिंदू सुमारे १९८° से. आहे. चंदनतेलातील सँटलॉलचा रेणुभार २२० असून त्याचा उत्कलनबिंदू ३००° से.च्या आसपास आहे. एकाच वेळी लावलेल्या या तीन द्रव्यांपैकी लिमोनीन प्रथम आणि सँटलॉल सर्वांत शेवटी नाहीसे होते.

मिश्रणात प्रत्येक घटकाचा बाष्पदाब इतर घटकांवरही अवलंबून असतो. राऊल्टच्या नियमानुसार आदर्श मिश्रणातील घटकाचा बाष्पदाब त्याच्या रेणूंच्या मिश्रणातील प्रमाणाइतका घटतो. म्हणूनच चंदनतेलासारख्या जड द्रव्यात मिसळलेला गुलाबाचा अर्क एकट्या अर्कापेक्षा सावकाश उडतो. अशा जड द्रव्यास स्थिरकारी द्रव्य म्हणतात.

मद्यार्कयुक्त फवाऱ्यातील मद्यार्क काही क्षणांतच उडून जातो व हलक्या गंधद्रव्यांचा एकदम लोट निर्माण होतो. पारंपरिक अत्तरात मद्यार्क नसतो. त्यामुळे त्याचा आरंभ सौम्य, प्रसार शरीरालगत मर्यादित आणि गंधातील संक्रमण संथ असते.

त्वचा

हात, मान यांच्या पृष्ठभागाचे तापमान सर्वसाधारणपणे ३२° ते ३४° से. असते. यामुळे खोलीच्या तापमानातील कागदापेक्षा त्वचेवरील बाष्पीभवन जलद होते. मनगट व कानामागील भाग अत्तरासाठी निवडण्याचे हे एक कारण आहे. त्वचेतील स्निग्ध द्रव्यात तेलात विरघळणारे गंधरेणू धरून ठेवले जातात. त्यामुळे कोरड्या त्वचेवर अत्तर तुलनेने लवकर उडते. काही रेणू त्वचेत शोषले जातात, तर अल्डिहाइड गटातील काही रेणूंची त्वचेतील प्रथिनांशी अभिक्रिया होते. एकच अत्तर दोन व्यक्तींच्या अंगावर काहीसे निराळे भासण्यामागे त्वचेची स्निग्धता, तापमान, घाम आणि त्वचेचा स्वतःचा गंध ही कारणे असतात.

घ्राणेंद्रिय

गंधातील सर्वच बदल अत्तरात घडत नाहीत. काही बदल घेणाऱ्याच्या नाकात घडतात. एकच गंध सतत येत राहिल्यास घ्राणेंद्रियाची त्याविषयीची संवेदनक्षमता काही मिनिटांतच घटते. म्हणून अत्तर लावणाऱ्यास ते उडून गेल्यासारखे वाटत असतानाही इतरांना त्याचा गंध जाणवत राहतो. काही व्यक्तींना विशिष्ट कस्तुरीसदृश रेणूंचा वास मुळीच येत नाही. अशा व्यक्तींना त्या अत्तराचा आधारगंध जाणवत नाही किंवा अपुरा जाणवतो.

द्रव्याचे प्रमाण आणि त्याचा प्रभाव यांचा थेट मेळ नसतो. गुलाबाच्या तेलात बीटा-डॅमॅसेनोन एक टक्क्याहूनही कमी असते. तरी अत्यल्प प्रमाणातही जाणवत असल्यामुळे त्याचा गुलाबगंधातील वाटा मोठा असतो. मोगरा व जाईतील इंडोल दाट स्वरूपात उग्र, तर विरळ स्वरूपात फुलासारखे वाटते. अत्तर गरजेपेक्षा अधिक लावल्यास ते केवळ तीव्र न होता बेसूर वाटते, याचे हे एक कारण आहे.

निर्मिती आणि गंधक्रम

उत्तर प्रदेशातील कन्नौज येथे देग-भपका पद्धतीने अत्तर काढले जाते. तांब्याच्या देगेत फुले व पाणी घालून ती मंद आचेवर तापवतात. वाफ चोंगा नावाच्या बांबूच्या नळीतून भपक्यात जाते. भपक्यात आधीच चंदनतेल ठेवलेले असून तो पाण्याच्या हौदात थंड ठेवलेला असतो. वाफेतील गंधद्रव्ये चंदनतेलात उतरतात व पाणी नंतर वेगळे केले जाते. म्हणजे या पद्धतीत आधारगंध मागाहून मिसळला जात नाही. फुलाचा अर्क प्रथमपासून त्यातच साठतो. चंदनतेलाच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्यात अल्फा-सँटलॉल ४१ ते ५५ टक्के आणि बीटा-सँटलॉल १६ ते २४ टक्के असणे अपेक्षित आहे.

शमामा हे अत्तर अनेक वनस्पतिज द्रव्यांपासून टप्प्याटप्प्याने तयार केले जाते. त्यात लवंग, वेलदोडा, जायफळ, जायपत्री, नागरमोथा, कपूरकचरी, जटामांसी आणि दगडफूल अशी द्रव्ये असतात. यांपैकी बरीच द्रव्ये मराठी स्वयंपाकघरातील मसाल्यांतही आढळतात. वेलदोड्याची तरतरी, लवंग-जायफळाची ऊब आणि दगडफूल-जटामांसीचा मातकट, लाकडी गंध अशा क्रमाने हे अत्तर उलगडते.

इतिहास

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात सोळा द्रव्ये चार-चारांच्या चौकटीत अशी मांडली आहेत की कोणत्याही उभ्या, आडव्या किंवा कर्णरेषेतील भागांची बेरीज १८ येते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या ग्रंथातही राजाच्या उपभोगांमध्ये सुगंधांचे वर्णन आहे.

गंगाधरकृत गंधसार या संस्कृत ग्रंथात गंधनिर्मितीच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. भावनात चूर्णाला द्रवाची पुटे दिली जातात, पाचनात मिश्रण शिजवले जाते, बोधाने गंध जागा केला जातो, तर वेधाने तो भेदक केला जातो. धूपन म्हणजे धुरी देणे आणि वासन म्हणजे फुलांच्या सान्निध्यात ठेवून सुवासित करणे. गंधद्रव्यांचे पत्र, पुष्प, फळ, साल, काष्ठ, मूळ, निर्यास आणि प्राणिज असे आठ वर्गही या परंपरेत मानले जातात. हे वर्गीकरण द्रव्याच्या उगमावर आधारलेले असून बाष्पनशीलतेवर नाही. तरीही फुलांचा गंध अल्पकाळ टिकणारा, तर काष्ठ, मूळ, निर्यास आणि प्राणिज द्रव्यांचा गंध बहुधा दीर्घकाळ टिकणारा असल्यामुळे दोन्ही विभागण्या काही अंशी जुळतात.

प. कृ. गोडे यांचे संशोधन

परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांचा जन्म संगमेश्वर तालुक्याचे मुख्यालय असलेल्या देवरूख येथे झाला. १९१९ पासून त्यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात अभिरक्षक म्हणून काम केले. भारतीय सौंदर्यप्रसाधने व सुगंधशास्त्र यांच्या इतिहासावर त्यांनी लेखमाला लिहिली. १९४५ साली त्यांनी गंधवाद या ग्रंथाच्या एका दुर्मिळ हस्तलिखिताची चिकित्सा करून त्याचा गंधसाराशी असलेला संबंध दाखवला. गंधवादाच्या संस्कृत मजकुरासोबत मराठी टीका असल्यामुळे हा ग्रंथ मराठीतील तांत्रिक गद्याच्या अभ्यासासाठीही मोलाचा आहे. गंधसार आणि मराठी टीकेसह गंधवाद हे ग्रंथ १९८९ साली बडोद्याहून रा. तु. व्यास यांच्या संपादनाखाली प्रकाशित झाले.

गोडे यांनी १९४९ साली भारतातील अंबर या द्रव्याच्या इतिहासावरही लेख प्रसिद्ध केला. स्पर्म व्हेलच्या शरीरात तयार होणारे अंबर आणि कस्तुरीमृगापासून मिळणारी कस्तुरी ही आधारगंधाची जुनी द्रव्ये होत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये या प्राण्यांना संरक्षण असून भारतात या द्रव्यांचा व्यापार बेकायदेशीर आहे. आधुनिक सुगंधांत त्यांची जागा बव्हंशी कृत्रिम रेणूंनी घेतली आहे.

पारख

अत्तराची पारख करताना ते हाताच्या पाठीवर किंवा मनगटावर अल्प प्रमाणात लावून काही मिनिटांनी, सुमारे तासाभराने आणि पाच-सहा तासांनी हुंगणे उपयुक्त ठरते. एकाच जागी दोन अत्तरे लावल्यास त्यांचे क्रम एकमेकांत मिसळतात. मनगटे एकमेकांवर घासल्यास अत्तर पसरते व तापते. त्यामुळे शीर्षगंध लवकर संपतो. कापसाचा फाया कानात ठेवण्याच्या पद्धतीत अत्तराचा मोठा भाग कापसात राहतो व गंधक्रम लांबतो. महाराष्ट्रात हळदीकुंकू व इतर समारंभांत हाताच्या पाठीवर अत्तर लावून गुलाबपाणी शिंपडण्याची प्रथा आहे.

चंदनतेल महाग असल्यामुळे अनेक अत्तरांत त्याऐवजी लिक्विड पॅराफिन किंवा डायप्रोपिलीन ग्लायकॉल यांसारखी जवळजवळ गंधहीन द्रव्ये वापरली जातात. अशा अत्तराचा आरंभ अस्सल अत्तरासारखाच वाटू शकतो. फरक चंदनाचा आधारगंध यावयाच्या वेळी उघड होतो. मात्र केवळ टिकाऊपणा हा शुद्धतेचा पुरावा नाही, कारण कृत्रिम कस्तुरीसदृश द्रव्येही दीर्घकाळ टिकतात. घटकांची निश्चिती करण्यासाठी वायुवर्णलेखन ही प्रयोगशालेय पद्धत वापरली जाते.

सुरक्षितता

अत्तर नैसर्गिक असले तरी ते सर्वांसाठी निर्धोक असतेच असे नाही. लिमोनीन व लिनॅलूल यांचे हवेतील ऑक्सिजनमुळे ऑक्सिडीकरण होते आणि तयार होणाऱ्या हायड्रोपेरॉक्साइडांमुळे काहींच्या त्वचेवर अधिहर्षता उद्भवू शकते. त्यामुळे अत्तराची कुपी घट्ट बंद करून प्रकाश व उष्णतेपासून दूर ठेवणे योग्य ठरते. जुन्या अत्तराचा शीर्षगंध आंबूस किंवा खवट झाल्यास ते ऑक्सिडीकरणाचे लक्षण असू शकते. त्वचेवर खाज किंवा लाली आल्यास अत्तराचा वापर थांबवावा लागतो.

हेही पहा

अत्तर
चंदन
गंधसार
परशुराम कृष्ण गोडे
देवरूख